देवदूताने प्रथम भाकर दिली

(शास्त्रपाठ : १ राजे १९ : १ ते ८)



एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती बहुधा कर्मेल पर्वतावरच संपवितो. अग्नी उतरला, बआलाचे संदेष्टे हरले, पाऊस आला. मुले आनंदाने घरी जातात. परंतु शास्त्र तेथे थांबत नाही. पुढच्याच अध्यायात हा निर्भय पुरुष ईजबेल राणीच्या एका निरोपाने खचून जातो. तो आपल्या चाकराला बैर-शेबा येथे मागे ठेवतो, एकटाच एक दिवसाची वाट रानात चालून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. मग तो तेथेच निजून राहतो.

ज्यांच्या घरी असा मनुष्य आहे त्यांस या ओळी वाचताना काही नवीन वाटणार नाही. सोबत नको, भाकर नको, उजेड नको, आणि तोंडी एकच शब्द की, आता पुरे झाले.

देवाने त्यास काय केले ते पाहावे. तुझा विश्वास कोठे गेला, असे त्यास विचारिले नाही. कर्मेलाची आठवण देऊन लाजविले नाही. उठून मंदिरात ये, असेही सांगितले नाही. तो जेथे पडला होता तेथेच देवदूत गेला, त्यास हात लाविला, आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेविले. एलीया उठला, खाल्ले, प्याला आणि पुन्हा निजला. येथे आपल्यापैकी पुष्कळांनी हात झाडले असते. देवदूत मात्र दुसऱ्यांदा आला, दुसऱ्यांदा हात लाविला, आणि वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, हे स्वतःच कबूल करून त्यास पुन्हा खाऊ घातले. तू येथे काय करितोस, हा प्रश्न देवाने विचारिला तो चाळीस दिवसांनंतर, होरेब पर्वतावर. आधी भाकर, मग झोप, पुन्हा भाकर, आणि प्रश्न सर्वांच्या शेवटी.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत हा क्रम बहुधा उलटा चालतो. मनाने आजारी असलेल्या बंधूकडे आपण प्रथम प्रश्न घेऊन जातो, मग उपदेश, मग उपास. आणि औषधाची गोष्ट निघाली तर ती शेवटी, दबक्या आवाजात.

मन आजारी पडते, जसे काळीज किंवा यकृत आजारी पडते. कोणी महिनोन् महिने उदास असतो, त्यास झोप येत नाही, शेताकडे पाय वळत नाहीत. कोणास नसलेले आवाज ऐकू येतात व शेजारी विष घालील असे भय वाटते. स्त्रियांमध्ये तर हा रोग पुष्कळदा अंगदुखीचे रूप घेऊन येतो; डोके जड, छातीत धडधड, हातापायांची आग. मग ती बिचारी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात सलाईन लावून घेत फिरते, आणि तिच्या मनाचे काय झाले ते कोणी विचारीत नाही.

उपचार नाहीत असे नव्हे; ते दूर आहेत. महाराष्ट्रात सरकारची जुनी मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी या चार ठिकाणी आहेत. मेळघाटातल्या मजुराने नागपूर गाठावयाचे तर दोन दिवसांची मजुरी व दोघांचे भाडे जाते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशात सुरू झाला आणि त्यामुळे जिल्ह्याच्या रुग्णालयांत सोय होऊ लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, निरनिराळ्या मनोविकारांनी पीडित असलेल्यांपैकी शेकडा ७० ते ९२ लोकांस उपचार मिळतच नव्हते.

अंतर हे अर्धेच कारण होय. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्यास चार जणांनी उचलून नेले व छप्पर उघडून प्रभूपुढे उतरविले. त्याचे पाय गेले होते, पण त्यास चार माणसे होती. या रोगात रोगी स्वतःच दार लावून घेतो, आणि घरचे लोक लाजेने ते बाहेरूनही लावितात. बाज उचलावयास कोणी येत नाही. म्हणून ज्या दिवशी हा रोगी दवाखान्यात येईल त्या दिवसाची वाट पाहणे व्यर्थ आहे. दवाखान्यानेच त्याच्या दारी गेले पाहिजे.

हे केवळ बोलणे नव्हे, असे झाले आहे. तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेने २०१० साली एक बस फिरती केली. तिच्या एका भागात पडद्यावर चेन्नईचे डॉक्टर रोग्याशी बोलत, व दुसऱ्या भागात औषधे मिळत. गावच्या माणसास गावाबाहेर पाऊल टाकावे लागत नसे. पुढे गोवा, तमिळनाडू व आपला सातारा जिल्हा या तीन ठिकाणी एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २०१४ साली प्रसिद्ध झाला. छिन्नमनस्कता, ज्यास दवाखान्यात स्किझोफ्रेनिया म्हणतात, त्या रोगाच्या २८२ रोग्यांवर डॉक्टरांचे उपचार चालूच होते. त्यांपैकी काहींच्या घरी शिकवून तयार केलेले साधे आरोग्यसेवकही वर्षभर जात राहिले. औषध नियमित घेणे, अंघोळ, स्वच्छता, थोडे काम, घरच्यांची समजूत, ही त्यांची कामे. वर्षाअखेर या रोग्यांची लक्षणे व परावलंबन इतरांपेक्षा काहीसे कमी झालेले आढळले. लाभ मोठा नव्हता, हे आम्ही लपवीत नाही. पण ज्याचा पिता त्यास दहा वर्षे अंघोळ घालीत आला आहे त्यास 'काहीसे' या शब्दाची किंमत विचारावी.

विदर्भातील वृत्तांत आम्हांस अधिक जवळचा वाटतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत एक कार्य चालले. त्याचे नाव 'विश्राम'. ख्रिस्ती कानास हा शब्द परका नाही. त्यात गावचेच सेवक लोकांत मिसळून या रोगाविषयी बोलत, शिकविलेले समुपदेशक रोग्यास धीर देत, आणि ज्याचा रोग भारी त्यास मानसोपचारतज्ज्ञ पाहत. आरंभी नैराश्याने ग्रस्त असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण कोणाची मदत घेत (शेकडा ४.३), अठरा महिन्यांनंतर सत्तावीस घेऊ लागले (शेकडा २७.२). हा हिशेब २०१७ साली छापला गेला. त्र्याहत्तर तरीही राहिलेच. पण रोग तोच, गावे तीच, आणि चारांचे सत्तावीस झाले ते कोणी तरी त्यांच्यापर्यंत गेले म्हणून.

आता एक कठीण गोष्ट. आपल्यात असे म्हणणारे आहेत की ही भूतबाधा आहे, व औषध घेणे हा अविश्वास आहे. त्यांनी मत्तयाच्या चौथ्या अध्यायाचे चोविसावे वचन उघडून पाहावे. तेथे नाना रोगांनी पिडलेले, भूतग्रस्त, फेफरेकरी व पक्षाघाती हे निरनिराळे सांगितले आहेत. सुवार्तिक डॉ. स्टॅन्ली जोन्स यांनी १९५० साली लखनौ येथे नूर मंझिल हे मनोरुग्णांचे उपचारगृह उघडिले, ते प्रार्थनेवरचा त्यांचा भरवसा उडाला म्हणून नव्हे. आणि साखळीचे फळ काय ते पाहावयाचे असल्यास तमिळनाडूतील एरवाडी आठवावी. तेथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले पंचविसांहून अधिक मनोरुग्ण जागीच जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. जो उपदेशक प्रार्थनासभेत गोळ्या फेकावयास लावितो तो रोग्याचा हितकर्ता नव्हे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

उपदेशक व बायबलबाई यांनी डॉक्टर व्हावे असे आम्ही सांगत नाही. त्यांनी देवदूताचे काम करावे. प्रभूने शिष्यांस दोघे दोघे पाठविले. तसे दोघांनी जावे, स्त्रीकडे जाताना त्यांत एक स्त्री असावी. जाताना हाती काही खावयाचे असावे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भूमीवर मुकाट्याने बसले. त्यांच्या भेटीतील तेवढाच काळ चांगला गेला, तोंडे उघडली आणि सर्व बिघडले. म्हणून ऐकावे अधिक. बोलणे मरणाच्या इच्छेकडे वळले, तर स्पष्ट विचारावे : जीव देण्याचे मनात येते काय? विचारिल्याने ती कल्पना मनात शिरते, हा समज खोटा आहे. उलट ओझे हलके होते. उत्तर 'होय' असे आले तर त्यास एकटे सोडू नये, फवारणीच्या औषधाचे डबे त्याच दिवशी घरातून हलवावे, व आशाताईस किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. ज्याने पूर्वी तसा प्रयत्न केला असेल त्याच्या घरच्यांनी पोलिसांच्या भयाने गप्प बसू नये. २०१७ चा कायदा अशा मनुष्यास मोठ्या मानसिक ताणाखाली असलेला समजतो, व त्यास शिक्षा करीत नाही.

औषध सुरू झाल्यावर भेटी वाढवाव्या, कमी करू नयेत. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण बहुधा दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. तोंड कोरडे पडणे, मळमळ, सुस्ती ही मात्र पहिल्या दिवसापासून येऊ शकतात. याच दिवसांत पुष्कळ जण गोळ्या सोडितात. देवदूताची दुसरी फेरी ती हीच. आणि बरे वाटू लागले तरी डॉक्टरांवाचून औषध थांबवू नये.

आणखी एक विनंती. रोग्याचे नाव घेऊन मंडळीत जाहीर प्रार्थना मागू नये. अमक्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे रविवारी व्यासपीठावरून निघाले की सोमवारी ते पाणवठ्यावर पोहोचते, आणि पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीचे लग्न मोडते. घरी जाऊन, दार लोटून, त्याच्या संमतीने प्रार्थना करावी.

जेथे डॉक्टर जवळ नाही तेथे सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा आकडा फिरविल्यास रात्री-अपरात्रीही विनामूल्य सल्ला मिळतो, व मराठीत बोलता येते. प्रत्येक मंडळीच्या पंचांनी हा आकडा उपासनामंदिराच्या दाराजवळ, निरक्षरासही वाचून दाखविता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. आणि ज्या घरी फोन नाही त्या घरी उपदेशकांनी आपला फोन घेऊन जावे.