मधला मुलूख

नकाशावर मुंबई आणि बंगळूर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती वेल्हे आणि भोर परिसरातल्या डोंगरांवरून जाते. तोरणा, राजगड, मढे घाट, हिरडस मावळ हा सारा मुलूख त्या रेघेच्या लगत येतो. रेघेच्या एका टोकाला समुद्र आणि दुसऱ्या टोकाला दक्षिणेचे पठार. दोन्ही टोकांना मोठी शहरे, मोठी कार्यालये, मोठी रुग्णालये. रेघेच्या मधोमध मात्र भाताची खाचरे, धरणाचे पाणी आणि एसटीची वाट पाहणारी माणसे. सकाळी मुंबईहून निघून बंगळूरला काम उरकायचे आणि रात्री घरी जेवायला परत यायचे, असा प्रवास आज हजारो माणसे करतात. त्याविषयी काही लिहावे असे माझ्या मनात फार दिवस होते. निमित्त घडले ते वेल्ह्याच्या एका अंगणात.

काही वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या सिस्टरांनी त्या बाजूच्या एका वाडीत आरोग्य शिबिर भरवले होते. मी सोबत गेलो होतो. औषधे वाटण्याचे ज्ञान मला नसल्याने नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले. दुपारी पाऊस उघडला आणि ढगांच्या फटीतून विमानाची घरघर ऐकू आली. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी वर पाहिले.

"रोज ह्याच टायमाला जातंय बगा, फादर. आमची यष्टी चुकंल, पर ते चुकायचं न्हाई. कुठं जातंय वो?"

"बंगळूरला असेल, बाबा."

"किती येळ लागतो?"

"दीड-पावणेदोन तास."

बाबा हसले. "एवढ्या येळात आमी चेलाडीलाबी पोचत न्हाई." पुणे-बंगळूर महामार्गावर नसरापूरजवळ वेल्ह्याकडे फुटणारा फाटा तो चेलाडी. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "मंग आतल्या मानसांना आमी दिसतो का वो?"

"एवढ्या उंचीवरून माणसे कुठली दिसणार, बाबा?" मी सहज म्हणालो.

"मंग ठीक हाय," बाबा म्हणाले. "मला वाटलं, दिसत असतील."

त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शस्त्रक्रिया पुण्यास करावी लागणार होती. पंधरा दिवसांत गाडी घेऊन येतो आणि आजींना घेऊन जातो, असा शब्द मी त्या ओट्यावर दिला आणि वहीत त्यांचे नाव लिहून घेतले.

आपल्या देशात नागरी विमानसेवेचा प्रारंभ झाला तो माणसे वाहून नेण्यासाठी नव्हे, पत्रे वाहून नेण्यासाठी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईस जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तीच टपालाची पिशवी बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. मुंबई आणि बेल्लारी यांमध्ये सरळ रेघ ओढली, तर तिच्याखालीही भोरचाच परिसर येतो. त्या वेळी भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. त्या छोट्या विमानाच्या पिशवीत कोणाच्या तरी आईचे, भावाचे, व्यापाऱ्याचे पत्र होते. वेगाचा पहिला उपयोग असा झाला, की एका माणसाचा शब्द दुसऱ्या माणसापर्यंत लवकर पोहोचावा.

पुढे माणसेच टपालासारखी जाऊ-येऊ लागली. १९५९ मध्ये ब्राझीलमध्ये रिओ आणि साओ पाउलो या शहरांदरम्यान नियमित फेऱ्या सुरू झाल्या. त्यांना 'हवाई पूल' असे नाव मिळाले. १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू यॉर्क, बॉस्टन आणि वॉशिंग्टन यांच्यामध्ये अशी सेवा सुरू झाली, की आधी जागा राखून ठेवण्याची गरजच नाही. एक विमान भरले तर दुसरे उभे केले जाई. आपल्याकडे पुणे आणि मुंबई एवढ्या अल्प अंतरासाठीदेखील इंडियन एअरलाइन्सचे विमान जात असे, आणि १९३० पासून धावणारी दख्खनची राणी त्याच दोन शहरांना जोडत असतानाही त्या विमानात माणसे बसत.

'हवाई पूल' हा शब्द मला विचार करण्याजोगा वाटतो. पूल दोन काठ जोडतो हे खरे. पण पुलाखाली नदी असते, हे पुलावरून जाणारा विसरतो. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील ४५ जण मरण पावले. अर्ध्या-पाऊण तासाचा तो प्रवास. घरून निघताना 'पोहोचलो की कळवतो' एवढेच कोणी म्हणाले असेल. त्या मृतांविषयी बोलताना शब्द जपून वापरावेत. मी एवढेच म्हणेन, की मधला मुलूख आपण ओलांडला म्हणून तो नाहीसा होत नाही. तो तेथेच असतो, पावसात, धुक्यात, आपल्या जागी.

आता माझी गोष्ट सांगतो. बंगळूरच्या एका संस्थेच्या कार्यकारिणीवर माझी नेमणूक झाली होती. पूर्वी अशा सभेला जायचे म्हणजे रेल्वेने एक रात्र जाण्याची, एक रात्र येण्याची. विमानामुळे तीन दिवसांचे काम एका दिवसात होऊ लागले. मला त्याचा अभिमान वाटू लागला, हे कबूल केले पाहिजे. सकाळची मिस्सा येथे, दुपारची सभा तेथे आणि रात्रीचे जेवण पुन्हा येथे, हे मी लोकांना कौतुकाने सांगत असे. वाचलेल्या दोन दिवसांचे मी काय केले? त्यांत आणखी दोन सभा बसवल्या. त्या सभांसाठी पुन्हा प्रवास आला. वाचवलेला वेळ हा वाचवलेल्या पैशासारखा नसतो. तो पेटीत ठेवता येत नाही. तो त्याच क्षणी कोणाला तरी दिला जातो, अथवा कोणाचा तरी घेतला जातो.

त्या कार्तिकात मी मुंबईत मुक्कामाला होतो आणि पहाटेच्या विमानाने बंगळूरला निघालो. खिडकीजवळची जागा मिळाली. आकाश निरभ्र होते. वेल्ह्याच्या बाबांचा प्रश्न मला आठवला आणि आज खाली पाहायचे असे मी ठरवले. विमानाचा वेग ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास असतो. वेल्हे ते भोर हे सरळ अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. म्हणजे तो सगळा मुलूख दोन-सव्वादोन मिनिटांत सरतो. तोवर सभेची कागदपत्रे एकदा पाहून घ्यावीत म्हणून मी पिशवी उघडली. मान वर केली तेव्हा डोंगर मागे पडले होते आणि खाली सपाट, पिवळसर रान पसरले होते. परत येताना रात्र होती. कोठे कोठे दिव्यांचे पुंजके दिसले. ते कोणत्या गावचे, हे मला सांगता आले नसते.

उंचीवरून माणसे दिसत नाहीत, असे मी बाबांना सांगितले होते. पण मला ती दिसली नाहीत याचे कारण उंची नव्हते. मी पाहिलेच नव्हते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना काळाविषयीचे संत ऑगस्टीन यांचे चिंतन आम्हाला अभ्यासाला होते. भूतकाळ उरलेला नाही, भविष्यकाळ आलेला नाही आणि वर्तमान तर निसटता. मग काळ असतो कोठे? त्यांचे उत्तर असे, की तो माणसाच्या अंतःकरणात असतो: स्मरण, अवधान आणि अपेक्षा या तीन रूपांनी. परीक्षेपुरते मी ते पाठ केले होते. त्या विमानात मला त्याचा अर्थ कळला. माझे स्मरण कालच्या कामात होते, अपेक्षा पुढच्या सभेत होती आणि अवधान कोठेच नव्हते. ज्ञानेश्वर माउली श्रोत्यांपाशी धन मागत नाहीत, अवधान मागतात. कारण माणसाने माणसाला देण्याजोगे त्याहून मोठे दुसरे काही नाही. घड्याळात वाचलेले दोन तास अवधानात उतरले नाहीत, तर ते वाचले असे कोणत्या अर्थाने म्हणावे?

येथे शोमरोन्याचा दाखला आठवणे अपरिहार्य आहे, आणि माझ्यासारख्याला तो अवघडही आहे, कारण त्यात बाजूने निघून जाणारा पहिला मनुष्य याजक आहे. त्याला जखमी मनुष्य दिसला होता. निदान त्याला रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला जावे लागले. आपल्याला आता तेवढेही कष्ट पडत नाहीत. वरून जाणाऱ्याला बाजू बदलावी लागत नाही. आपण निर्दय झालो असे मी म्हणत नाही. आपल्या वाटेवर माणूस पडलेला असण्याची शक्यताच आपण वाटेतून काढून टाकली आहे. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या दाखल्यात रस्त्यावर सापडते. ज्याच्या प्रवासाला रस्ताच उरला नाही, त्याने ते कोठे शोधावे?

याचा अर्थ विमान हे पाप आहे, असा कोणी घेऊ नये. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबात वडील अत्यवस्थ झाले. मुलगा बंगळूरला नोकरीस होता. पहाटेच्या विमानाने तो आला आणि वडिलांचा हात हातात घेऊन दोन तास बसला. त्या दोन तासांची किंमत त्या घराला विचारावी. प्रत्यारोपणासाठी निघालेले हृदय एका शहरातून दुसऱ्या शहरात वेळेवर पोहोचते, ते वेगामुळेच. आणि संथपणा हादेखील आपोआप सद्गुण ठरत नाही. अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरवावे लागते, तेव्हा त्या संथपणाचे काव्य करणे हे शहरी माणसाचे पाप आहे. बाबांनाही विमानाचा राग नव्हता. त्यांना त्यांची एसटी वेळेवर हवी होती.

प्रश्न वेगाचा नाही. प्रश्न वाटपाचा आहे. भाटघरचे धरण १९२७ मध्ये पूर्ण झाले, आणि भोरच्या डोंगरांतले पाणी बारामती, इंदापूर, फलटणकडच्या शेतांना मिळाले. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुण्याच्या घराघरांत येते. त्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी आणि देवळे गेली, त्यांची नातवंडे आज फाट्यावर गाडीची वाट पाहतात. भोरला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात २०१६ मध्ये नव्या विमानतळाची जागा जाहीर झाली. पारगाव मेमाणे, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर आणि मुंजवडी या सात गावांतील अनेक शेतकऱ्यांनी त्यास विरोध केला. विमानतळ हवा की नको, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु जो दोन तास वाचवणार आहे तो एक, आणि ज्याची अंजिराची बाग जाणार आहे तो दुसरा, एवढे तरी हिशेबात स्पष्ट लिहिलेले असावे.

आणखी एक हिशेब हवेचा आहे. विमानाला सर्वांत जास्त इंधन लागते ते जमीन सोडून वर चढताना. त्यामुळे अंतर जेवढे कमी, तेवढा दर किलोमीटरमागे धूर अधिक. फ्रान्समध्ये, जेथे रेल्वेने अडीच तासांच्या आत पोहोचता येते, अशा मार्गांवरील विमाने कायद्याने बंद करण्याचे ठरले. २०२३ मध्ये ते अमलात आले, तेव्हा पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाहून सुटणाऱ्या केवळ तीन मार्गांना त्याची झळ पोहोचली. कायदा लहान होता. पण त्यामागचा प्रश्न लहान नाही. माझी घाई भागवण्यासाठी ज्याचा पाऊस मागे-पुढे होतो, त्या खाचराच्या धन्याला मी काय उत्तर देणार?

माघात मी वेल्ह्याला गेलो. पंधरा दिवसांचा शब्द सहा महिन्यांनी पाळायला निघालेला मनुष्य कसा जातो, हे सांगायला नको. वाटेत मी कारणे जुळवत होतो. बाबा ओट्यावरच होते. आजी आतून बाहेर आल्या, उंबरठा न चाचपता आल्या, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे फादर व्हय? मला वाटलं, लई म्हातारं असत्याल."

दुधाची गाडी चालवणाऱ्या शेजारच्या पोराने त्यांना पुण्यास नेले होते. दोन दिवस तो रुग्णालयाच्या पायऱ्यांवर झोपला. त्याची दोन दिवसांची कमाई गेली. तो काही नात्याचा नव्हता. मी क्षमा मागू लागलो तेव्हा बाबांनी मला अर्ध्यावर थांबवले. "ऱ्हाऊ द्या, फादर. तुमाला येळ नसंल."

त्यांनी ते रागाने म्हटले असते तर बरे झाले असते. विमानाने मी वर्षभरात किती दिवस वाचवले होते, याचा हिशेब माझ्या वहीत होता. त्याच वहीच्या मागच्या पानावर आजींचे नाव होते.

त्यानंतरही मी विमानाने प्रवास केला आहे आणि पुढेही करीन. फक्त तिकीट काढण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घेतली आहे. किती वेळ वाचेल, हा तो प्रश्न नव्हे. तो वेळ कोणासाठी वाचवतो आहे, आणि मी येईन म्हणून कोण कोठे थांबले आहे, हा तो प्रश्न. कधी उत्तर मिळते, की जावे, आणि लवकर जावे. कधी उत्तर मिळते, की ती सभा पत्राने होण्यासारखी आहे.

आपल्या मुलांपैकी अनेक जण आज त्या रेघेवरून रोज ये-जा करीत असतील. त्यांना दोष देऊ नये. त्यांच्या कष्टांवर घरे उभी आहेत. पण ती घरी येतील तेव्हा त्यांना एवढे सांगावे, की खिडकीजवळची जागा मिळाली तर दोन मिनिटे खाली पाहा. माणसे दिसणार नाहीत. तरी पाहा. खाली एका ओट्यावर कोणीतरी वर पाहत असेल, आणि त्याला वाटत असेल, की आपण दिसत असू.