शाश्वततेचें शास्त्र आणि पगार देणारा हात

अलीकडे आमच्या महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत एका नव्या शास्त्राचें नांव वारंवार आढळूं लागलें आहे. कोणी त्यास शाश्वततेचें शास्त्र म्हणतात, कोणी धारणक्षमतेचें, आणि पुष्कळजण भाषांतराच्या भानगडींत न पडतां 'सस्टेनेबिलिटी' हा शब्दच वापरून मोकळे होतात. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलानें अथवा मुलीनें घरीं हें नांव काढलें, कीं वडील मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हें शिकून पुढें करावयाचें काय? हा प्रश्न क्षुद्र आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. ज्या घरांत शिक्षणासाठीं कर्ज काढावें लागतें, तेथें तो विचारला गेलाच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच आहे, कीं पगार किती मिळेल याबरोबर तो देणार कोण, हेंही विचारावें. या विद्येंतील नीतीचा खरा पेंच तेथेंच आहे.

आधीं शब्दाविषयीं दोन शब्द. 'शाश्वत' हें विशेषण आम्हांस खटकतें. आमच्या परंपरेंत शाश्वत म्हणजे जें कधींच नाश पावत नाहीं तें. आणि या शास्त्राचा विषय तर जंगल, पाणी, माती, हवा, म्हणजे नाश पावूं शकणाऱ्याच वस्तु. जें मुळांतच अविनाशी, त्याची काळजी वाहावयास महाविद्यालय कशाला हवें? साधा 'टिकाऊ' हा शब्द अधिक प्रामाणिक ठरला असता; पण तो चपलांच्या जाहिरातींत पार झिजून गेला आहे. मूळ कल्पना मात्र पेढीवरच्या कारकुनासही समजावी इतकी सोपी आहे: मुद्दल राखावें आणि व्याजावर संसार करावा. सॅक्सनींत खाणींवर अधिकारी असलेल्या कार्लोविट्झ या गृहस्थानें १७१३ सालीं वनव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला तो याच हिशेबाच्या गरजेपोटीं. धातु गाळण्यास लांकूड लागे, आणि त्याचा तुटवडा पडून खाणींचा धंदाच बसेल अशी धास्ती उत्पन्न झाली होती. जेवढें वाढेल तेवढेंच तोडावें, हा त्याच्या उपदेशाचा मतितार्थ. दीडशें वर्षांनीं, १८६४ सालीं, हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पहिला प्रमुख म्हणून सरकारनें ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञासच नेमिलें, आणि ही विद्या आमच्याकडे आली. ती आली ती मात्र सरकारचे सागवान टिकविण्यासाठीं. १८७८ च्या जंगल कायद्यानें रानावर जगणाऱ्या गांवकऱ्यांचे हक्क आकुंचित केले. झाडांचा हिशेब नीट राहिला, माणसांचा राहिला नाहीं. ज्याच्या पैशानें हिशेब लिहिला जातो त्याच्याच सोयीची वस्तु टिकते, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. पुढच्या पिढ्यांच्या गरजांस बाध न आणतां आजच्या गरजा भागविणें, ही ब्रुंटलंड बाईंच्या आयोगाची व्याख्या १९८७ ची. या नांवाचें स्वतंत्र शास्त्र असावें असा विचार शास्त्रज्ञांच्या एका मंडळीनें २००१ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत मांडला, आणि २००६ सालीं अमेरिकेंतील ॲरिझोना राज्याच्या विद्यापीठांत त्याची स्वतंत्र शाळा निघाली. आमच्याकडे सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं पर्यावरण हा विषय शिक्षणांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला होता. पण सक्तीच्या विषयाचें आमच्या विद्यार्थ्यांशीं कसें नातें असतें, हें प्रकल्पवह्या विकणाऱ्या दुकानदारांस विचारावें!

नोकऱ्या नाहींत असें आतां कोणी म्हणूं नये. भांडवलबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या संस्थेनें बाजारमूल्यानें पहिल्या १००० कंपन्यांस आपलें पाणी, वीज, धूर, कचरा आणि कामगारांची स्थिति यांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करणें २०२२-२३ पासून सक्तीचें केलें. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतें असा माल बाहेरून येतो तेव्हां तो बनवितांना किती कार्बन वायु सुटला, याची माहिती युरोपीय संघ ऑक्टोबर २०२३ पासून मागूं लागला, आणि जानेवारी २०२६ पासून त्यानें त्यावर आकारही लागू केला. हे आंकडे कोणी तरी मोजले पाहिजेत, जुळविले पाहिजेत, आणि खरें सांगावयाचें तर शोभतील अशा भाषेंत लिहिलेही पाहिजेत. याशिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळें आहेत, सल्लागार पेढ्या आहेत, पाणलोटाचें काम करणाऱ्या संस्था आहेत, आणि अध्यापन आहेच. पगाराचा चढउतार या यादींत कसा असेल, हें वाचकांस सांगावयास नको.

आतां मुख्य मुद्दा. वैद्याची फी रोगी देतो आणि बरें व्हावयाचें तेंही रोग्यानेंच. वकिलाचें तसेंच. या नव्या धंद्यांत मात्र ज्याचें हित राखावयाचें तो एक आणि पैसे देणारा दुसरा. हित राखावयाचें तें खाडीकांठच्या कोळ्याचें, धरणाखालच्या शेतकऱ्याचें, आणि त्याहून अधिक अजून जन्मासच न आलेल्यांचें. न जन्मलेल्यांजवळ फी कोठून असणार? ती देतो कारखानदार, म्हणजे ज्याच्या हातून ती मालमत्ता खर्ची पडण्याचा संभव सर्वांत अधिक तोच.

ही भीति काल्पनिक नाहीं. १९९४ च्या आणि पुढें २००६ च्या अधिसूचनेनें मोठ्या प्रकल्पांपूर्वीं पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल आवश्यक ठरला, पण तो करणारा सल्लागार निवडावयाचा आणि त्यास पैसे द्यावयाचे ते प्रकल्पवाल्यानेंच. रत्नागिरी जिल्ह्यांतील एका बॉक्साइटच्या खाणीच्या अहवालांत रशियांतील एका खाणीच्या अहवालांतील मजकूर उतरून घेतलेला आढळला, ही गोष्ट पुढें जाहीर झाली. कोंकणच्या सड्यावर रशियाचें रान! हंसूं येतें खरें. पण तो मजकूर लिहिणारा कोणी तरी शिकलासवरला तरुणच असला पाहिजे. त्यास सड्यावरची झाडें ओळखतां येत नव्हतीं असें आम्ही समजत नाहीं. तीं ओळखण्याकरितां त्यास कोणी पाठविलें नसावें, आणि ठरल्या तारखेस कागद मात्र हवे होते, असाच आमचा तर्क आहे. सल्लागारांस मान्यतापत्र घेण्याची सक्ति मागाहून झाली. निवडणारा हात मात्र बदलला नाहीं.

यावर कोणी म्हणेल, जो अस्तित्वांतच नाहीं त्याचा हक्क कसला आणि त्याचा पालक कशाला? पाश्चात्य पंडितांनीं या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्हांस वाटतें, आमच्या घरांत याचें उत्तर फार दिवसांचें आहे. पितृऋण ही कल्पना घ्या. ऋण घेतलें पूर्वजांपासून, पण तें फेडावयाचें संततीच्या रूपानें. धनको मागें, फेड पुढें! तेव्हां पुढच्यांचा हक्क सिद्ध होवो न होवो, आमचें देणें सिद्धच आहे. दुसरें उदाहरण मिताक्षरेचें. विज्ञानेश्वरानें चालुक्यांच्या कल्याणींत बसून लिहिलेल्या त्या ग्रंथाप्रमाणें वडिलोपार्जित इस्टेटींत मुलाचा वांटा जन्मानेंच पडतो (मुलीचाही, हें सांगावयास आमच्या कायदेमंडळास २००५ साल उजाडावें लागलें), आणि गर्भांतील मुलासही कायदा विसरत नाहीं. घरचा कर्ता कितीही वडील असो, तो त्या इस्टेटीचा व्यवस्थापक असतो. खऱ्या गरजेवांचून त्यास ती विकतां येत नाहीं. एवढ्यावरही कायदा थांबला नाहीं. एका अज्ञान वारसाच्या मिळकतीवर त्याच्या आईनें काढलेल्या कर्जाच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें १८५६ सालीं असें ठरविलें, कीं कर्ज देणाऱ्यानेंही गरज खरी आहे कीं नाहीं याची चौकशी केली पाहिजे. 'मला काय त्याचें, मालक सही करीत होता' ही सबब सावकारास मिळाली नाहीं. मग मोजमाप करून खालीं सही करणाऱ्या पदवीधरास ती कशी मिळावी?

तथापि सारा भार त्या बिचाऱ्यावर टाकणें अन्यायाचें होईल. हिशेबतपासनिसांच्या धंद्यांत हाच पेंच फार पूर्वीं उद्भवला, आणि तो केवळ सदाचाराच्या उपदेशानें सुटला नाहीं. तपासनिसाची नेमणूक भागधारकांच्या सभेकडे दिली गेली, मोठ्या कंपन्यांत ठराविक वर्षांनीं तो बदलावा असें २०१३ च्या कायद्यानें ठरलें, आणि सरकारी कंपन्यांचा तपासनीस तर महालेखापरीक्षकच नेमतो. इतकें करूनही लबाड्या होतात. पण निदान नेमणाऱ्याचा आणि तपासला जाणाऱ्याचा हात एकच नसावा, हें तत्त्व मान्य झालें. प्रकल्पवाल्यांनीं पैसे एका सार्वजनिक निधींत भरावेत आणि सल्लागार सरकारी मंडळानें आळीपाळीनें नेमावा, यांत अशक्य असें आम्हांस कांहींच दिसत नाहीं. सरकारी मंडळें धुतल्या तांदळासारखीं असतात असा आमचा भ्रम नाहीं. पण त्यांच्या कागदपत्रांची नक्कल मागण्याचा अधिकार नागरिकांस २००५ पासून आहे, खासगी पेढीच्या कागदांवर तो तसा चालत नाहीं.

पैसे देणारा आणि फळ भोगणारा एकच असला म्हणजे हेंच शास्त्र कसें निराळें दिसतें, तें पहावयाचें असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारास जावें. पाऊस बेताचाच पडणारें तें गांव. पोपटराव पवारांच्या पुढाकारानें तेथें पाणी अडविण्याचें काम झालें, हें सर्वश्रुत आहे. पण आमच्या मतें मोठी गोष्ट त्यानंतरची. दरसाल पडलेल्या पावसाचा आणि विहिरींच्या पातळीचा ताळेबंद मांडतात, माणसांच्या व गुरांच्या पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढतात, आणि उरेल त्यावरून पिकें ठरवितात. शेतीसाठीं विंधनविहीर घेऊं नये, ऊस लावूं नये, हे नियम गांवानें स्वतःवर घालून घेतले. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, हें आमच्या बायकांनीं पिढ्यान्‌पिढ्या म्हटलें. तरी एप्रिल २०१६ मध्यें लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. हिवरे बाजारांत आंकडा खोटा लिहिला, तर लिहिणाऱ्याच्याच घरचा हंडा रिकामा राहील. मुंबईच्या कचेरींत बसून अहवाल लिहिणाऱ्यास ही सोय नाहीं.

म्हणून महाविद्यालयांनीं या अभ्यासक्रमांत रसायन व नकाशे यांच्या जोडीस हिशेबतपासणी आणि कायदा अवश्य शिकवावा, आणि एक सत्र तरी विद्यार्थ्यास अशा गांवीं ठेवावें. आणि मुलाखतीस जाणाऱ्या मुलीनें पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: माझे आंकडे प्रतिकूल निघाले, तर ते कोणाच्या टेबलावर जातील, आणि छापले जाण्यापूर्वीं ते बदलण्याचा अधिकार कोणास आहे? असल्या प्रश्नानें एखादी नोकरी हातची जाईल, हें आम्ही नाकारीत नाहीं. कर्जाचा हप्ता तर महिन्याच्या महिन्यास येणारच. तो हप्ता कांहीं काळ घरानें सोसावयाचा कीं नाहीं, याचा विचार प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वींच वडिलांनीं तिच्याजवळ बसून केलेला बरा.