कापलेला कर, तुझाच पगार

चि. सोनूस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "जाऊ दे गं मावशी, कापला तो कापला. तीन वर्षांनी नोकरी मिळाली हेच खूप." ते ऐकून दोन दिवस चैन पडली नाही, म्हणून हे पत्र. तू काम करतेस आणि त्या कामाचा पगार घेतेस. त्यातून जास्तीचा कर गेला असेल, तर तो मागताना कसला संकोच?

तू पाठवलेली मार्चची पगारस्लिप समोर ठेवून लिहिते आहे. पगार 1,25,000 आणि 'आयकर' या ओळीत 8,125. हा आकडा आला कुठून, ते वहीत मांडून पाहिलं. महिन्याच्या पगाराला बाराने गुणलं की 15 लाख. त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली, उरले 14,25,000. नव्या करप्रणालीच्या टप्प्यांप्रमाणे त्यावर कर 93,750, चार टक्के उपकर धरून 97,500. त्याला बाराने भाग दे, बरोबर 8,125 येतात. म्हणजे तुमच्या ऑफिसने तू अख्खं वर्ष काम केलंस असंच धरलं. तू तर ऑक्टोबरमध्ये रुजू झालीस! मार्चअखेर तुझा पगार झाला साडेसात लाख. मुदत ठेवीचं 56,000 व्याज मिळवलं आणि वजावट काढली, तरी करपात्र उत्पन्न 7,31,000 च. 2025-26 या वर्षासाठी 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट आहे, त्यामुळे तुझा कर शून्य.

सहा महिन्यांचे 48,750 आणि बँकेने व्याजातून दहा टक्क्यांनी कापलेले 5,600 मिळून 54,350 रुपये तुझे सरकारकडे पडून आहेत. बाळाच्या पाळणाघराची कित्येक महिन्यांची फी आहे ती.

कंपनीने त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष मिळणाऱ्या पगाराचा अंदाज धरून कर कापायचा असतो, आणि जास्त कापला गेला तर 31 मार्चच्या आत पुढच्या पगारांत वळताही करता येतो. फेब्रुवारीत तू पगार विभागात जाऊन विचारलं असतंस तर तिथेच मिटलं असतं. नवीन माणसाला विचारायचा धीर होत नाही, आणि मधे घरी थांबून परतलेल्या बाईला तर त्याहून नाही, हे मला ठाऊक आहे. आता मात्र रिटर्न भरूनच पैसे मिळतील. (तुझ्या मैत्रिणीची गोष्ट उलटी आहे. तिने वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली. आधीच्या पगाराचा हिशेब फॉर्म 12बी मध्ये नव्या ऑफिसला दिला नसेल, तर तिचा कर कमी कापला गेला असेल. तिलाही सांग.)

आता माझी गोष्ट. 1993 मध्ये सासूबाईंच्या आजारपणानंतर मी कामावर परतले, तेव्हा माझाही कर जास्त गेला होता. अर्ज केला, चार खेपा घातल्या आणि शेवटी टपालाने परताव्याचा चेक आला. 1,140 रुपयांचा. त्यावर माझं माहेरचं नाव होतं आणि पासबुकावर सासरचं. बँकेने घेतला नाही. नाव बदलून आणायला सांगितलं, तोवर मुदत संपली, आणि मग मी नाद सोडला. तो चेक अजून माझ्या कपाटात लग्नाच्या दाखल्याबरोबर आहे. माझा जवळजवळ अर्ध्या महिन्याचा पगार होता तो.

म्हणून सगळ्यात आधी नावं बघ. पॅन कार्डावर तुझं नाव वडिलांच्या नावासह आहे की नवऱ्याच्या? बँकेच्या खात्यावर काय आहे? आयकराच्या पोर्टलवर बँक खातं आधी पडताळून घ्यावं लागतं आणि नाव जुळलं नाही तर तिथेच अडतं. पॅन आणि आधार जोडलेलं आहे ना, तेही बघून घे. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि कागदपत्रं मात्र एकेक करून बदलायची राहतात. परतावा त्यातच अडकतो.

फॉर्म 16 ऑफिसकडून 15 जूनपर्यंत मिळायला हवा. तो आला की पोर्टलवरचा 26एएस, म्हणजे तुझ्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडून कापलेल्या रकमा ताडून पाहा. तिथे एखादा महिना दिसला नाही तर आधी ऑफिसला सांग. त्यांनी दुरुस्ती केल्याशिवाय ती रक्कम तुझ्या खात्यात धरली जाणार नाही. व्याजाचे 56,000 लपवू नकोस, आयकर खात्याकडे ती नोंद आहेच. तुला आयटीआर-1 पुरेल. भरल्यावर 30 दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी कर. ती राहिली तर रिटर्न भरूनही न भरल्यासारखंच.

वेळेत भरलंस तर 1 एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याजही मिळेल (ते पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचं). उशीर केलास तर तुझ्या उत्पन्नाला 5,000 रुपये विलंब शुल्क आहे, आणि व्याजही भरल्या तारखेपासूनच धरतील.

"जास्त रिफंड काढून देतो, त्यातला हिस्सा द्या" असं म्हणणारे भेटतील. ते खोट्या वजावटी दाखवतात, आणि नोटीस येते ती तुझ्या नावाने. तुझा हिशेब सरळ आहे, त्यात कुणाची गरज नाही. 'तुमचा रिफंड मंजूर झाला, इथे क्लिक करा' असे मेसेज आले तर उघडूसुद्धा नकोस. खरा परतावा पडताळलेल्या खात्यात आपोआप जमा होतो.

शेवटची तारीख 31 जुलै आहे. फॉर्म 16 हातात आला की त्या रविवारी बाळाला घेऊन इकडे ये. मी त्याला सांभाळते, तू माझ्या टेबलाशी बसून रिटर्न भर. येताना पॅन कार्ड आणि पासबुक दोन्ही आण.

तुझी,
मावशी