पाण्याने जायचे कुठे?

मोडलेली वस्तू दुरुस्त करावी की टाकून द्यावी, हा प्रश्न बहुतेक वेळा गरजच सोडवते. छप्पर उडाले तर ते घालावेच लागते. विहिरीचा पंप बंद पडला तर त्याच दिवशी माणूस शोधावा लागतो. तेथे विचाराला जागाच नसते. ज्या वस्तूवाचून कोणाचेच अडत नाही, ती मोडली म्हणजे खरा विचार सुरू होतो.

बेळगावातील माझ्या परसात अशी एक वस्तू आहे : ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणारी छोटी आगगाडी. मीटर गेजच्या रुंदीला साडेबावीसने भागले की जवळपास एवढेच माप येते. मिरज-लोंढा मार्गावरची मीटर गेज नव्वदच्या दशकात गेली आणि तिथे ब्रॉड गेज आली. ती लहान गाडी आता माझ्या शेवंतीच्या वाफ्यांमधून तेवढी धावते.

यंदा मे महिन्यात वळीव आला. आंब्याची फांदी पुलावर पडली, हे नुकसान डोळ्यांना दिसणारे होते. खरे नुकसान पाण्याने केले. शेजारच्या उंच परसातून आलेल्या लोंढ्याने रुळांखालची खडी वाहून नेली आणि रूळ नुसते अधांतरी लोंबकळत राहिले. पितळी रुळांच्या सांध्यांत चिखल शिरला, त्यामुळे वीज पुढे जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी शेजारच्या अण्णांच्या छपरावर चढलो. त्यांची कौले उडाली होती. माझी गाडी आठ दिवस तशीच पडून होती. नवव्या दिवशी मी खुरपे आणि पाणसळ घेऊन बसलो, तेव्हा अण्णा कुंपणापाशी येऊन म्हणाले, "मास्तर, एवढं सगळं यारिगागि?"

कोणासाठी? कन्नडमधला हा एकच शब्द मला दिवसभर पुरला. नातवंडे परगावी आहेत. पुढच्या वळवात पुन्हा असेच होणार नाही, याची हमी नाही. गावात पडलेली घरे असताना खेळण्यावर घाम गाळणे म्हणजे जबाबदारीतून काढलेली पळवाट नव्हे काय? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. आधी कौले, मग रूळ, हा क्रम मोडला तर ती पळवाटच ठरते. पण क्रम पाळल्यावरही खेळण्याची पाळी कधी येऊच नये, असे म्हणणे मला मान्य नाही. इंग्लंडमध्ये बीकन्सफील्ड येथे १९२९ पासून बेकनस्कॉट हे छोटेखानी गाव आणि त्याची आगगाडी उघड्या हवेत उभी आहे. तिथे पाऊसपाणी चुकत नाही आणि डागडुजीही चुकत नाही. त्या गाडीने कोणी कामावर जात नाही. तरी पिढ्यांमागून पिढ्यांनी ती राखली.

मात्र 'का'पेक्षा 'कसे' हा प्रश्न मला अधिक अवघड गेला. खडी भरणे सोपे होते. नदीतले गोल गोटे घसरतात. काळ्या दगडाची टोकदार कच एकमेकींत अडकून बसते आणि तिच्या फटींतून पाणीही निघून जाते. सांध्यांना तांब्याच्या तारेचे डाग दिले. प्रश्न लोंढ्याचा होता. कुंपणालगत वीतभर उंचीचा बांध घातला असता तर माझे काम एका दिवसात संपले असते. पण मग ते पाणी अण्णांच्या स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीशी तुंबले असते. पाणी अडवले म्हणून नाहीसे होत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या दारात जाते.

शेवटी बांध सोडला आणि रुळांखालून मोरी काढली. अर्धा वाफा गेला, वळण हातभर सरकवावे लागले, पूर्वीचे स्टेशन पूर्वीच्या जागी राहिले नाही. सिमेंटचा नळ कोठून कोठे न्यायचा, हे अण्णांनीच दाखवले. त्यांच्या परसातले पाणी त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक.

दुरुस्ती म्हणजे होते तसे करणे, असे आपण धरून चालतो. होते तसे केले असते तर पुढच्या वळवात तसेच वाहून गेले असते. आणि केवळ आपल्यापुरती दुरुस्ती केली, तर ती शेजाऱ्याच्या नुकसानीची सुरुवात ठरू शकते. खेळण्यापाशी हे मला दिसले, कारण तेथे घाई नव्हती. गरज मानगुटीवर बसली की माणूस आधी बांध घालतो आणि विचार मागाहून करतो. आपल्या गावांत हल्ली जो तो जोते उंच करून घर बांधतो, अंगणात फरशी घालतो, कुंपणाची भिंत चढवतो. प्रत्येकाचे घर कोरडे आणि खालची गल्ली गुडघाभर पाण्यात. त्या गल्लीतला माणूस 'यारिगागि' असे विचारायलाही येत नाही. तो भांड्याने घरातले पाणी बाहेर काढत असतो.