ओलीवरची पेरणी

दसरा उलटला की जालना जिल्ह्यात कुणाला फुरसत नसते. कापूस फुटलेला असतो, सोयाबीनची मळणी उरकायची असते आणि रब्बीची ज्वारी पेरायची घाई असते. आमच्या ओळखीचे एक तरुण जोडपे याच धांदलीत आहे. पदरी पाच वर्षांची मुलगी आहे. दुसऱ्या अपत्याची आस आहे, पण दिवस राहत नाहीत. आल्यागेल्याचा प्रश्न ठरलेला, "आता दुसऱ्याचं काय?"

परवा कापसाच्या ढिगावर बसून ती पोर म्हणाली, "आई, मी पुरत नाही का गं?" आईने वेचा तसाच टाकून तिला पोटाशी धरले.

मग आस धरूच नये काय? तसे नव्हे. १९७२ आणि २०१२ चे दुष्काळ सोसलेला हा मुलूख रब्बीची ज्वारी पुढच्या पावसाच्या भरवशावर पेरीत नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर पेरतो. आशाही अशीच असावी. दुसरे मूल आले तर याच मायेवर वाढेल. न आले तरी ती माया वाया गेली असे कोण म्हणेल?

यंदा त्या घरातला पहिला दिवा त्या मुलीच्याच हातून लागो.