कोड चोख, पण कोणासाठी?

मंडालेच्या तुरुंगात 1910-11च्या हिवाळ्यात टिळकांनी पेन्सिलीने जे लिहून काढलं, ते 1915मध्ये पुण्यात ‘गीतारहस्य’ म्हणून छापलं गेलं. गीता संन्यास नव्हे, कर्मयोग सांगते, हा त्यातला मुख्य मुद्दा. शंभरेक वर्षांनी हिंजवडीच्या आयटी पार्कात या शिकवणीची एक सोयीस्कर आवृत्ती रुळली आहे: तू काम कर, फळाचं बघायला मॅनेजर आहे.

ही आवृत्ती रिलीजच्या आदल्या रात्री पाहावी. तारीख क्लायंटला कळवून झालेली असते आणि बिलिंग तिच्यावरच अडलेलं असतं. टेस्टरला एक बग सापडतो: घाईत बटण दोनदा दाबलं गेलं, तर खात्यातून रक्कमही दोनदा जाते. ‘असं किती वेळा होणार?’ कोणीतरी विचारतं. तिकिटाची प्रायॉरिटी उतरते, बग ‘नोन इश्यू’च्या यादीत जाऊन बसतो आणि कोड लिहिणारा रात्रभर तळमळतो.

ही तळमळ म्हणजे आसक्ती, असं म्हणून तिला मोडीत काढणं सोपं आहे. पण तारीख, बिल, अप्रेझल ही झाली फळं; रक्कम एकदाच जाणं हे तर काम. टिळकांनीही योग म्हणजे कर्म करण्याची कुशल युक्ती असाच अर्थ लावला होता. फळाची आस सोडायला सांगणाऱ्याने हयगयीची मुभा दिलेली नाही.

अर्थात धंद्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. कारागिरीच्या नावाखाली धडधाकट चालणारं मॉड्यूल पुन्हा लिहायला घेणारे हौशी प्रत्येक टीममध्ये असतात. त्यांच्या हौसेचे पैसे क्लायंटने का मोजावेत? प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1992मध्ये घाईत पाठवलेल्या कोडला कर्ज म्हटलं, तेही व्यवहाराला धरूनच. कर्ज काढायला हरकत नाही, ते फेडलं पाहिजे.

खरा पेच याहून अवघड आहे. 2006च्या सुमारास फोक्सवॅगनच्या इंजिनीअरांना अमेरिकेचे कडक प्रदूषण-निकष पाळणारं आणि गिऱ्हाइकालाही आवडणारं डिझेल इंजिन जमेना. मग त्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं. स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब यांवरून गाडीची चाचणी चालू आहे की नाही, हे ते ओळखायचं. चाचणीपुरता धूर स्वच्छ. एरवी रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या 40 पटींपर्यंत. सप्टेंबर 2015मध्ये अमेरिकेत हे उघड झालं. आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेनेही कंपनीच्या गाड्या तपासल्या. प्रयोगशाळेतलं आणि रस्त्यावरचं उत्सर्जन जुळेना. डिसेंबरात कंपनीने भारतातल्या सुमारे 3.23 लाख गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या.

निव्वळ कारागिरी म्हणून पाहिलं, तर त्या कोडला दाद द्यावी लागेल. जगभरात सुमारे 1.1 कोटी गाड्यांमध्ये तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. इथे कामाचा अभिमान आणि धंद्याचा दबाव यांचं भांडण झालंच नाही. दोघांनी हातमिळवणी केली. म्हणून नुसतं कौशल्य पुरत नाही. टिळकांचा कर्मयोगी लोकसंग्रहासाठी, म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठी राबतो. तो धूर ज्यांच्या छातीत गेला, ते ना क्लायंट होते, ना मॅनेजर. त्यांच्या बाजूने ‘नाही’ म्हणू शकत होता तो कोड लिहिणाराच.

ऑगस्ट 2017मध्ये डेट्रॉइटच्या न्यायालयाने इंजिनीअर जेम्स लियांग यांना 40 महिन्यांची कैद आणि 2 लाख डॉलर दंड सुनावला. ते 1983पासून कंपनीत होते. मॅनेजर ऑलिव्हर श्मिट यांना डिसेंबरात 7 वर्षांची शिक्षा झाली.

शिक्षा इंजिनीअरलाही होते, म्हणून पुण्यातल्या कंपन्यांनी निदान एवढं करावं: ‘हे असं सोडू नका’ असं ज्याने सांगितलं त्याचं म्हणणं तिकिटावर राहू द्यावं, आणि तरीही सोडायचं कोणी ठरवलं, त्याचं नावही त्याच तिकिटावर लिहावं.