उदंड पीक आणि रिता हात

शास्त्रभाग : लूक १२:१६–२१, उत्पत्ति ४१:४६–४९

प्रभु येशूच्या दाखल्यांतील धनवानाच्या शेतास उदंड पीक आलें, आणि तें कोठें सांठवावें ही त्यास चिंता पडली. आमच्या मंडळ्यांतील कांदा पिकविणाऱ्या बंधुभगिनींस हा भाग वाचतांना विस्मय वाटत असेल. उदंड पीक त्यांच्याहि शेतांत येतें. परंतु तें आलें म्हणजे त्यांचें घर बसतें.

फेब्रुवारी २०२३ मध्यें सोलापूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारांत नेला. किलोस एक रुपया भाव मिळाला. मोटारभाडें, हमाली व तोलाई वजा जातां दोन रुपये व कांहीं पैसे उरले, आणि त्याच्या हातीं दोन रुपयांचा चेक पडला. हें दुष्काळामुळें झालें नाहीं. बाजारांत कांद्याची आवक फार झाली म्हणून झालें.

कांदा स्वस्त झाला म्हणून कोणाच्या घरीं दुप्पट कांदा खाल्ला जात नाहीं. यास्तव माल थोडा वाढला तरी भाव पुष्कळ उतरतो. शिवाय लाल कांदा टिकत नाहीं; तो काढला कीं विकलाच पाहिजे. उन्हाळी कांदा चाळींत चार-पांच महिने राहतो खरा, परंतु ज्यास कर्जाचा हप्ता भरावयाचा आहे त्यास इतकें थांबवत नाहीं. आणि भाव चढला तरी सुख नाहींच. डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें कांदा परदेशीं धाडण्यास बंदी केली, ती मे २०२४ पर्यंत टिकली. शहरांतील गिऱ्हाइकास स्वस्त कांदा मिळावा हा हेतु वाईट नव्हे. पण त्याची किंमत कोणी भरली?

कित्येक गांवीं अशा वेळीं कुजबुज होते कीं, अमक्यानें दशमांश दिला नाहीं म्हणून त्यास हें भोगावें लागलें. बंधुजनहो, असें बोलूं नये. भरलेलें शेत हें देवाचें दान आहे. तें बाजारांत मातीमोल होतें, तो व्यवहार मनुष्यांचा आहे.

दाखल्यांतील धनवानास मूर्ख म्हटलें तें पीक जास्त आलें म्हणून नव्हे, किंवा त्यानें मोठीं कोठारें बांधावयाचें ठरविलें म्हणूनहि नव्हे. तो सारा विचार आपल्याशींच करितो. त्याच्या बोलण्यांत शेजारी नाहीं, मजूर नाहीं, देवहि नाहीं. योसेफाची रीत निराळी. सुकाळाच्या सात वर्षांत त्यानें प्रत्येक नगरांत आसपासच्या शेतांचें धान्य सांठविलें. तो भार एकेका शेतकऱ्यावर टाकला नाहीं. (पुढें दुष्काळांत त्याच लोकांनीं धान्यासाठीं आपलीं गुरें व जमिनी फारोस दिल्या, हेंहि ४७ व्या अध्यायांत लिहिलें आहे. कोठाराची किल्ली कोणाच्या हातीं आहे हें पाहिल्यावांचून कोठाराची स्तुति करूं नये.)

आमच्या मंडळ्यांपाशीं फारोचीं कोठारें नाहींत. तरी पांच-सहा कुटुंबांनीं मिळून एक चाळ बांधणें, ज्याची निकड मोठी त्याचा माल आधीं विकूं देणें, आणि थांबणाऱ्यास तोंवर उसनवार देणें, एवढें तर होऊं शकेल.

मजुरीची गोष्ट याहून अवघड आहे. कांदा काढणाऱ्या बायांनीं भाव ठरविला नाहीं. अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानीं ओरडते असें याकोब आपल्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत बजावितो; पण त्यानें तें धनवानांस लिहिलें. ज्याच्या पदरीं दोन रुपये आले त्यानें मजुरी कोठून द्यावी? एकाचें ओझें दुसऱ्यानें वाहण्याचा प्रसंग तो हाच.

म्हणून पाळकांस आमची विनंति आहे कीं, कापणीच्या सणापूर्वीं ज्याचा कांदा वायां गेला त्याच्या घरीं जावें. त्यास दानाविषयीं विचारूं नये. मजुरांचें देणें किती राहिलें तें विचारावें. सणास आलेल्या धान्याचा व भाजीपाल्याचा जेथें लिलाव होतो, तेथें त्या पैशांतून तें देणें आधीं फेडावें, आणि मंदिराच्या रंगाचें काम पुढील वर्षावर ठेवावें.